वांद्र्याच्या गावठाणातली म्यूरल्स : बघायची कशी, टिकतात का, पुसतं कोण

पाखाडीकर

मुंबईत भिंतीवरची चित्रं कुठे बघायची असं विचारलं की पहिलं उत्तर येतं चॅपल रोड. तिथे गेलेली बहुतेक मंडळी दोन सेल्फी काढतात, समोरच्या कॅफेत शिरतात आणि हिल रोडला खरेदीला लागतात. हा धागा उरलेल्यांसाठी.

आधी भूगोल. वांद्रे पश्चिमेला हिल रोड, म्हणजे कागदोपत्री रामदास नायक मार्ग. त्याच्या दक्षिणेला चॅपल रोड, वरोडा रोड, व्हेरोनिका स्ट्रीट आणि रनवार. रनवार ही वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी, म्हणजे गावठाणातल्या वस्त्यांपैकी, एक. मूळ वस्ती ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची, घरात बोली मराठीचीच. बैठी किंवा एकमजली घरं, मंगलोरी कौलं, बाहेरून चढणारा लाकडी जिना. या घरांच्या मधूनच आता सात-आठ मजली इमारती उठल्या आहेत, आणि तळमजल्यावर जिथे बेकरी किंवा शिंपी होता तिथे कॉफीचं यंत्र आलं आहे.

चित्रांचे दोन थर ओळखता आले पाहिजेत. पहिला थर हौशी आणि मित्रमंडळींचा. वॉल प्रोजेक्ट या भिंती रंगवणाऱ्या गटाने वांद्र्याच्या गल्ल्यांत सुरुवात केली, आणि २००९ मध्ये तुळशी पाइप रोडची (सेनापती बापट मार्ग) रेल्वेची लांबलचक भिंत शेकडो लोकांनी रंगवली तेव्हा हे प्रकरण वर्तमानपत्रांत पोचलं. दुसरा थर रणजित दहिया यांच्या बॉलिवुड आर्ट प्रोजेक्टचा, २०१२ पासूनचा. हाताने रंगवलेल्या सिनेमाच्या पोस्टरची शैली, भडक सावल्या, ब्रशचे फटकारे लपवायचे नाहीत. वांद्रे रेक्लमेशनच्या एमटीएनएल इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके रंगवले गेले ते याच हातातून, स्टार्ट इंडिया फाउंडेशन या रस्त्यावरच्या कलेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या उपक्रमात. वरोडा रोडवरचा इरफान खान २०२० चा. या दोन थरांवर मग फिरते परदेशी कलाकार, स्टेन्सिलवाले, कॅफेने पैसे देऊन करवून घेतलेली फुलं-पानं आणि शेवटी ज्याच्या हाती स्प्रे आला त्याची सही.

चालायचं असं. आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेसातला चॅपल रोडवरच्या माउंट कार्मेल चर्चपासून सुरुवात करा. चॅपल रोड संपूर्ण, मग रनवारच्या आतल्या गल्ल्या आणि शेवटी वरोडा रोड. नीट बघितलं तर दीड-दोन तास. साडेनऊनंतर दुचाक्या आणि टेम्पो भिंतीला टेकतात, खालचा चार फूट भाग दिसत नाही. रविवारी सकाळी मिस्साची वेळ असते, तेव्हा जाऊ नका. गल्लीतले क्रूस हे सजावट नव्हेत. वांद्र्यातले बरेचसे १८९६ च्या प्लेगच्या काळात उभारलेले आहेत आणि तिथे आजही मेणबत्ती लागते.

प्रत्येक चित्रासमोर तीन गोष्टी बघायच्या : भिंत कोणाची, गिलावा कशाचा, आणि खाली आधीचं काय आहे. तिसऱ्यासाठी पोपडा निघालेली कड शोधा. एका नखाएवढ्या पोपड्याच्या कडेला कधी पाच-सहा रंगांच्या रेघा दिसतात : तळाला चुन्याचा निळसर पांढरा, वर डिस्टेंपरचा गुलाबी, मग काळं, मग पिवळं. त्या भिंतीवर किती वेळा काय काय झालं ते तिथे मोजता येतं. फक्त स्वतः पोपडा काढू नका, निघालेलाच बघा.

गेरू

छान धागा. गिलाव्याबद्दल भर घालतो, कारण तिथेच निम्मी चित्रं मरतात.

रनवारच्या जुन्या घरांच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या आहेत. असा गिलावा पाणी शोषतो आणि उन्हात सोडतो. त्यावर आपण प्लॅस्टिकसारखा बसणारा एक्स्टीरियर इमल्शन फासतो, म्हणजे पावसाळ्यात आत गेलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद. ऑक्टोबरच्या उन्हात ते पाणी वाफ होऊन रंग आतून उचलतं. आधी फुगे, मग ताव्याएवढे पोपडे. लोक म्हणतात रंग हलका होता. रंग चांगलाच असतो, भिंतीला चालणारा नसतो. अशा भिंतीवर चुन्याची सफेदी आणि खनिज रंग (गेरू, पिवळी माती, काजळी) किंवा सिलिकेट रंग वापरावा. सिलिकेट रंग भिंतीतल्या खनिजांशी रासायनिक बंध करतो, वाफेला अडवत नाही. महाग आहे, छटा कमी मिळतात, आणि आधी इमल्शन लागलेल्या भिंतीवर तो धरतच नाही. तिथे आधीचं सगळं खरवडून काढावं लागतं.

ओळखायचं कसं? ओल्या बोटाने उघड्या गिलाव्यावर घासा. पांढरी पूड आली आणि पाणी लगेच आत गेलं तर चुना. सिमेंटचा गिलावा राखाडी, कडक, नखाने ओरखडा उठत नाही.

नवखी_ब्रशवाली

सिमेंटची कंपाउंड वॉल असेल तर? ३० फूट बाय १२ फूट भिंत आहे, सोसायटी तयार आहे. किती रंग लागेल आणि सुरुवात कुठून करायची?

गेरू

३६० चौरस फूट. सविस्तर लिहितो.

भिंत आधी मूठ उलटी करून ठोकत जा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल करा. ते सगळे भाग फोडून १:४ च्या सिमेंट-वाळूने भरून घ्या. नवा गिलावा किमान २८ दिवस राहू द्यावा. ओला आणि अल्कलीयुक्त गिलावा लाल-जांभळ्या छटा जाळतो, पांढरे डाग उठतात. चिरा नुसती लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका. इंग्रजी व्हीच्या आकारात रुंद करून पॉलिमरचं क्रॅक फिलर भरा. शेवाळ असेल तर तारेच्या ब्रशने घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारून, स्वच्छ पाण्याने धुवा आणि दोन-तीन दिवस कडक ऊन खाऊ द्या.

ओल तपासायला दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दुसऱ्या दिवशी उघडा. आतून थेंब किंवा भिंतीवर काळसर डाग दिसला तर थांबा. मुंबईत जून ते सप्टेंबर हा विषयच नाही, ऑक्टोबरमध्येही भिंत आतून ओली असते. नोव्हेंबर अखेर ते मार्च हाच खरा हंगाम.

जुना रंग ठेवायचा असेल तर ब्लेडने बारीक चौकटी कापा, चिकटपट्टी दाबून लावा, झटक्यात ओढा. चौकटी पट्टीबरोबर आल्या तर सगळं खरवडायचं. डिस्टेंपर असेल तर चाचणीचीही गरज नाही, तळहात फिरवला की पूड लागते. डिस्टेंपरवर काहीही टिकत नाही.

आता हिशेब. एक्स्टीरियर अ‍ॅक्रिलिक प्रायमरचा एक हात : सुमारे ४ लिटर. बेसचा इमल्शन दोन हातांत गुळगुळीत भिंतीवर लिटरला ५०–६० चौरस फूट जातो. खडबडीत भिंतीवर ३५–४० वर येतो. म्हणजे १० लिटरची बादली घ्या, थोडा उरेल, दुरुस्तीला लागतोच. वरच्या चित्रासाठी मुख्य तीन-चार रंग एकेक लिटर, काळा आणि पांढरा जास्त. स्टेनर (छटा देण्यासाठी मिसळायचा दाट रंग) ओतून गडद करायचा मोह टाळा. लिटरला ३०–४० मिली.च्या पुढे गेलात की रंग नीट वाळत नाही आणि पावसात ओघळतो. गडद रंग हवा तर दुकानातल्या मशीनवर गडद बेसमध्येच करून घ्या.

४०० मिली.चा स्प्रे कॅन भरीव कामाला १६ ते २० चौरस फूट पुरतो. सगळी भिंत स्प्रेने करायची म्हटलं तर वीसेक कॅन नुसते पार्श्वभूमीत जातील. म्हणून मोठे भाग रोलरने, आणि स्प्रे फक्त छटा विरवायला आणि कडा मारायला. साध्या हार्डवेअरच्या दुकानातला कॅन जास्त दाबाचा असतो, बारीक रेघ येत नाही, ओघळ येतात. म्यूरलसाठीचे कमी दाबाचे कॅन आणि बदलायच्या टोप्या मागवाव्या लागतात. फडक्याने नाक बांधून स्प्रे मारू नका. सेंद्रिय वाफ अडवणारी काडतुसं असलेला मास्क हवा, साधा धुळीचा मास्क वाफेला काहीच करत नाही.

ओळंबा

गेरूंना अनुमोदन, दोन पुरवण्या.

एक, खालचा दीड-दोन फूट भाग वाचत नाही. जमिनीतून ओल चढते, खार फुटतो, वर रस्त्याचा चिखल, पानाच्या पिचकाऱ्या आणि स्कूटरची हँडलं. चित्रातच तिथे गडद सपाट पट्टा योजा, दर वर्षी एका हातात परत रंगवता येतो. चेहऱ्याची हनुवटी तिथे आणू नका.

दोन, भिंतीचा माथा बघा. वरून सपाट उघडी भिंत असेल तर पाणी डोक्यातून आत शिरतं आणि चित्राच्या वरच्या कडेपासून काळे ओघळ सुरू होतात. माथ्याला उतार आणि दोन्ही बाजूंना इंच-दोन इंच बाहेर आलेली फरशी, तिच्या खालच्या अंगाला पाणी तुटायला खाच. हजार-दोन हजारांचं काम, चित्राचं आयुष्य दुप्पट.

वरून चकचकीत पॉलियुरेथेन क्लिअर कोट मारायचा सल्ला बरेच दुकानदार देतात. बाहेरच्या गिलाव्यावर तो पिवळा पडतो आणि ओल कोंडतो. नकोच.

नवखी_ब्रशवाली

आणि चित्र मोठं करायचं कसं? प्रोजेक्टर लावतात का?

ओळंबा

अरुंद गल्लीत प्रोजेक्टरला मागे जायला जागा नसते, आणि रात्री दिवे. दोन उपाय आहेत. पहिला चौकटींचा : ओळंबा सोडून उभ्या रेघा, निळीचं सूत मारून आडव्या, फुटाफुटाच्या चौकटी. पोस्टर रंगवणारे जुने लोक असंच करत. दुसरा सध्याचा : भिंतीवर आधी हलक्या रंगात वेडेवाकडे आकडे, अक्षरं, फुल्या भरून टाकायच्या, समोरून सरळ फोटो घ्यायचा, आणि फोनमध्ये त्यावर स्केच अर्धपारदर्शक ठेवायचं. मग नाकाची रेघ 'क'च्या शेपटातून जाते, डोळा सातच्या पोटात येतो, एवढं बघून काढत जायचं. मोजपट्टी लागत नाही. फोटो तिरका घेतलात तर चेहरा एका बाजूला ताणला जातो. भिंतीच्या मधोमध, अर्ध्या उंचीवर कॅमेरा धरा.

साडेसहा फुटांच्या वर गेलात की परांचीवर कंबरपट्टा नाही, पूर्ण हार्नेस, आणि तो परांचीला नव्हे तर वरच्या पक्क्या आधाराला बांधायचा. वांद्र्याच्या गल्ल्यांत भिंतीच्या वरून विजेच्या आणि केबलच्या तारांची जाळी असते. ओला बांबू किंवा रोलरची लोखंडी दांडी तिथे फिरवणं म्हणजे मरणाला बोलावणं. दांडी फायबरची घ्या.

अवांतर_मास्तर

वाचनखूण साठवली.

वॉर्ड_खिडकी

परवानगीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

'रिकामी भिंत' असं काही नसतं. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे, त्यात दंड आणि कैद दोन्हीची तरतूद. म्हणून आधी मालक शोधा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर मालमत्ता पत्रक निघतं, त्यासाठी सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक लागतो. गावठाणात बऱ्याचदा पत्रकावर वारलेल्या आजोबांचं नाव आणि पुढे वारसांचे वाद. तिथे राहणाऱ्याने 'हो' म्हणून भागत नाही. पागडीची घरं असतील तर भाडेकरूची हौस आणि मालकाची सही या दोन वेगळ्या गोष्टी.

सोसायटीची भिंत असेल तर सेक्रेटरीचा व्हॉट्सअ‍ॅप पुरत नाही. कमिटीचा ठराव घ्या, तोही चित्राच्या आराखड्याची प्रत जोडून. महापालिकेची भिंत असेल तर एच पश्चिम विभाग कार्यालय. माहीम-दादरला हाच अर्ज जी उत्तरला. रेल्वेची भिंत असेल तर विभागीय व्यवस्थापकांचं कार्यालय, आणि तिथे वेळ लागतो. खासगी भिंत असली तरी परांची रस्त्यावर किंवा फुटपाथवर उतरणार असेल तर वॉर्डाची वेगळी परवानगी, आणि बूम लिफ्ट आणायची तर वाहतूक पोलिसांची.

भिंत निवडतानाच एक गोष्ट तपासा : विकास आराखड्यात तो रस्ता रुंद होणार आहे का. अरुंद गल्लीतला प्लॉट पुनर्विकासाला गेला की पुढची पट्टी रस्त्यासाठी सोडावी लागते. म्हणजे पहिली पडते ती कंपाउंड वॉल, तीच तुमची भिंत. इमारतीवर महापालिकेची सी-१ म्हणजे अतिधोकादायक अशी नोटीस लागली असेल तर रंग वाया घालवू नका.

गिरणगाववाला

हे सगळं कौशल्य कोणासाठी, हा प्रश्न विचारू का? चित्रं आली की इन्स्टावाले येतात, त्यांच्यामागे कॅफे, कॅफेमागे भाडं, आणि भाड्यामागे घरवाले नालासोपाऱ्याला. म्यूरल म्हणजे बिल्डरने लावलेला टिळा.

पाखाडीकर

गिरणगाववाले, तुमच्याच भागाचं उदाहरण घ्या. लोअर परळचा कायापालट चित्रांनी केला नाही. १९८२ चा संप, मग १९९१ चा विकास नियंत्रण नियम ५८ आणि त्यातली २००१ ची दुरुस्ती, त्यातून गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या. चिमण्या शोभेला ठेवल्या ते नंतर. वांद्र्यातही घर पडतं ते वारसांना वाटणी हवी असते आणि वर मजले चढवता येतात म्हणून. चित्र नसतं तरी ते पडलंच असतं. उलट ज्या भिंतीची डागडुजी मालकाने सोडून दिली आहे तीच भिंत रंगवायला सहज मिळते. म्हणून चित्र आणि पाडकाम एकाच पत्त्यावर दिसतात.

बर्लिनकर

पाखाडीकर, मुंबईपुरतं पटतं, पण सरसकट नाही. अमेरिकेत मायामीला टोनी गोल्डमन या जमीन-विकासकाने २००९ मध्ये वाइनवूड वॉल्स सुरू केलं तेच गोदामांचा भाग वर यावा म्हणून. तिथे चित्रं आधी आणि दर नंतर, आणि हे ठरवून. इथे बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात कुव्रीश्ट्रास या रस्त्यावर ब्लू या इटालियन कलाकाराची दोन अवाढव्य चित्रं होती, शहराच्या प्रत्येक पोस्टकार्डावर. समोरच्या मोकळ्या जागेवर बांधकाम ठरलं आणि चित्रं त्या घरांच्या विक्रीला हातभार लावणार हे दिसलं. डिसेंबर २०१४ मध्ये कलाकाराच्याच संमतीने एका रात्रीत दोन्ही काळी करून टाकली. खिडकीतून चित्र दिसतं म्हणून फ्लॅट महाग विकता येऊ नये, एवढाच हेतू.

गिरणगाववाला

हे आवडलं. इथे कोणी करेल का?

पाखाडीकर

इथे काळा हात मारला तर दुसऱ्या दिवशी त्यावर कोचिंग क्लासची जाहिरात चिकटलेली असेल.

पण बर्लिनकरांचा मुद्दा मान्य. मला वाटतं बघायचं ते पैसे कोणाचे. घरमालकाने चहा पाजून दिलेली भिंत, कंपनीने सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) रंगवलेली भिंत आणि विक्री कार्यालयाच्या वाटेवरची भिंत, तिन्हींवर एकच फूल असलं तरी तिन्ही वेगळ्या. तिसऱ्या प्रकारात चित्रातली माणसं सहसा पाठमोरी किंवा डोळे मिटलेली असतात आणि गल्लीतलं ओळखीचं असं काहीच नसतं. चिंबईच्या कोळीवाड्याची होडी नाही, बेकरीची पाटी नाही.

टिकाऊपणाही मालकीवरच ठरतो. दिल्लीच्या लोधी कॉलनीत २०१५ पासून रंगवलेल्या पन्नासहून अधिक भिंती आहेत. घरं सरकारी, रहिवासी नोकरीपुरते, विकायला कोणाच्या बापाचं काही नाही. म्हणून एकेक चित्र वर्षानुवर्षं तसंच. शिवाय १९४० च्या दशकातल्या त्या इमारतींच्या सगळ्या भिंती एका मापाच्या, वर कमान, समोर रुंद रस्ता. रनवारला यातलं एकही सुख नाही, आणि चालायला रनवारच जास्त मजेचं, असं माझं मत.

कलम_५७

कायद्याचं थोडं, कारण दोन्ही बाजूंना गैरसमज असतात.

पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट कलाकाराकडे राहतो असं सगळे धरून चालतात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७(ब) नीट वाचा : मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, करारात वेगळं नसेल तर, पैसे देणारा. म्हणून करारात 'कॉपीराइट कलाकाराकडे' हे वाक्य हवंच. कलम ५७ चे नैतिक हक्क, म्हणजे नाव आणि चित्राची विटंबना न होणं, मात्र कॉपीराइट दिला तरी कलाकाराकडेच राहतात. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं, त्यावर २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पाच लाखांची भरपाई आणि अवशेष परत द्यायचा आदेश दिला. पण यावरून 'माझं चित्र असलेली भिंत पाडताच येणार नाही' असं समजू नका. जमीनमालकाला बांधकामापासून रोखणं वेगळं. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झ या ग्राफिटीने भरलेल्या इमारतीचा ६७ लाख ५० हजार डॉलरचा निकाल (२०१८, अपिलात २०२० ला कायम) तिथल्या स्वतंत्र कायद्यावर आहे, आणि तिथेही मालकाला महागात पडलं ते मुदतीची नोटीस न देता रातोरात पांढरा हात मारणं.

फोटोंबद्दल. सार्वजनिक ठिकाणच्या शिल्पाचा फोटो छापायला कलम ५२(१)(टी) मोकळीक देतं, पण चित्राचं नाव तिथे सरळ घेतलेलं नाही. चित्रपटात दाखवायची मोकळीक लगेच पुढच्या उपकलमात आहे. स्वतःच्या आल्बममध्ये फोटो ठेवण्याला कोणी हात लावत नाही. जाहिरातीत वापरणं वेगळं : माहीमच्या एका म्यूरलवर आपली जाहिरात बेतणाऱ्या विमा कंपनीला २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समाजमाध्यमांवरच्या पोस्ट काढायला लावल्या. तेव्हा म्यूरलसमोर कपड्यांच्या ब्रँडचं शूट करणाऱ्यांनी कलाकाराला आधी विचारावं.

करारात अजून : भिंत पाडण्याआधी ६० दिवसांची लेखी सूचना, म्हणजे निदान नीट फोटो काढता येतात, आणि दुरुस्ती कोण, कोणाच्या खर्चाने.

तिपाई

नीट फोटो म्हणजे काय ते लिहितो. दक्षिणोत्तर अरुंद गल्लीत ऊन दुपारच्या दोन-तीन तासांतच खाली उतरतं आणि तेव्हा अर्धी भिंत पांढरी, अर्धी काळी येते. सकाळची सावली किंवा ढगाळ दिवस घ्या. फोनची अतिरुंद भिंग टाळा, कडेची डोकी लांबतात. मुख्य भिंगाने, भिंतीला समांतर चालत, दर दोन-तीन पावलांना उभा फोटो घ्या, प्रत्येकात आधीचा तिसरा हिस्सा आला पाहिजे, आणि घरी जोडा. जागेवर उभं राहून फोन फिरवलात तर भिंत धनुष्यासारखी वाकते. पहिल्या फोटोत पांढरा कागद धरा, रंग जुळवायला लागतो. आणि एक फोटो मुद्दाम मीटरची पेटी, घर क्रमांक, पाइप दिसेल असा घ्या. चित्र गेल्यावर जागा त्यावरूनच ओळखता येते.

नवखी_ब्रशवाली

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक : बांधकामाच्या जागेभोवतीचे पत्रे रंगवायला सांगतायत. तिथे हाच रंग चालेल?

गेरू

नाही. नव्या जस्ती पत्र्यावर ऑइल पेंट मारलात तर जस्त आणि तेलाचा साबण होतो आणि काही महिन्यांत रंग सालीसारखा सुटतो. नुसतं इमल्शनही धरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, बारीक पॉलिश पेपर, मग एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरणारा अस्तर रंग, किंवा जस्ती पत्र्यासाठीचा पाण्याचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर, त्यावर इमल्शन चालेल. आधीच रंगीत लेप असलेला पत्रा असेल तर फक्त पेपर मारून प्रायमर. पत्र्याच्या पन्हळीवर चेहरा बाजूने तुटका दिसतो, तेव्हा मोठे सपाट आकार घ्या.

ओळंबा

आणि प्रत्येक पत्र्याच्या मागच्या बाजूला रंगाने क्रमांक टाका. टेम्पो आत घ्यायला मुकादम चार पत्रे काढतो आणि परत लावताना वाटेल तिथे लावतो.